कापसाला भिंती नसतात

चेन्नईत मैलापूरला जायचं झालं तर मी हल्ली तळ्याच्या बाजूनं जात नाही. स्टेशनवर उतरते, मागच्या गल्लीत शिरते, भांड्यांच्या दुकानांवरून मोठा वळसा घालते आणि मग कुठं मुक्कामी पोचते. नवरा वैतागतो. "सरळ रस्ता सोडून हा कसला द्राविडी प्राणायाम?" म्हणतो. मी त्या बाजूला सावली असते असं काहीतरी सांगते. सावलीबिवली काही नाही. खरं कारण सुंदराबाई आहेत, आणि त्यांना जाऊनही आता वर्ष होत आलं.

सुंदराबाई आमच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होत्या आणि मी तिथली मायक्रोबायॉलॉजीची डॉक्टर. डोळ्यात जखम होऊन ती चिघळली की वरचे डॉक्टर बुबुळावरून बारीकसा कण खरवडून आमच्याकडे पाठवायचे. आम्ही तो काचेच्या स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि आत कोण शिरलंय ते सांगायचं. आधी बघायच्या सुंदराबाई. मग बघायची मी, आणि सही माझी.

उंचीला बेताच्या. पांढरा कोट त्यांना मापाचा कधी मिळालाच नाही, बाह्या दोनदा दुमडलेल्या असायच्या. दोन्ही नाकपुड्यांत चमक्या आणि अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. मायक्रोस्कोपपाशी बसण्याआधी त्या चपला काढून बाजूला ठेवायच्या, पदरानं भिंग पुसायच्या (पुसायला वेगळा कागद असतो, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल) आणि त्या यंत्राला हळूच म्हणायच्या, "दाखव बा."

मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याची बँकेतली बदली म्हणून चेन्नईत आले, तेव्हा तमिळ एक अक्षर येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात लॅबच्या दाराशी उभी राहून आईशी फोनवर बोलत होते, तर मागून आवाज आला, "तुम्ही मराठी का, डॉक्टरम्मा? अमी पण मराठीच." मी इतकी हरखले की विचारू नका. आणि पुढच्याच वाक्याला फिस्सकन हसले. काय ती मराठी! 'आहे'चं 'अहे', 'म्हणून'चं 'मणून', सूर सगळा तमिळ आणि मधेच 'मज', 'तुज', जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं. बाईंचं घराणं तंजावरचं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हसा हसा. तीनशें वर्षं डब्यांत घालून ठेवलेली मराठी अहे. थोडा वास येणारच."

मला वाटतं, तिथूनच मी त्यांना थोडं गमतीत घ्यायला लागले. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

एकदा मी त्यांना विचारलं, "बाई, चपला काढायला हे काय देऊळ आहे?"

"देवघरं बघायचीं ना, मणून."

"कसली देवघरं?"

मग त्यांनी मला, एम. डी. झालेल्या बाईला, पेशी शिकवली. "जीवांच्या दोनच जाती, डॉक्टरम्मा. एक देवघर असलेली, एक नसलेली. अमी लहानपणीं ओंडिकुडित्तनमांत होतों." मैलापुरात एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड राहायचं, त्याला तिथं ओंडिकुडित्तनम म्हणतात. "आठ जण, खोली एक. तिथेंच चूल, तिथेंच ट्रंक, तिथेंच अंथरूण, देव कोपऱ्यांत तांदळाच्या डब्यावर. बॅक्टेरिया मणजे तें. आंत भिंत नाहीं, आडोसा नाहीं. वंशाचा जो दोरा, तोही असाच मध्यें पडलेला. अणि दुसरी जात मणजे मोठं घर. कोठी निराळी, स्वयंपाक निराळा, केर टाकायची जागा निराळी, अणि मध्यें देवघर, दार लावलेलं. घर कसं चालवायचं तें सगळं आंत लिहून ठेवलेलं. तुम्ही, मीं, आंब्याचं झाड, माशी, बुरशी, सगळीं देवघरवालीं. सगळीं एकमेकांचीं सोयरीं."

आम्ही याला केंद्रक म्हणतो, पेशीचं केंद्र म्हणतो. पाच वर्षं कॉलेजात ते घोकलं होतं. पण बुरशी माझी सोयरी लागते, हे कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं.

"मणून तर त्रास," बाई पुढं म्हणाल्या. "बॅक्टेरिया परका. त्याला लागेल अणि आपल्याला लागणार नाहीं असं औषध मिळतं. बुरशीचं घर आपल्यासारखंच. तिला मारायला गेलं कीं थोडं आपल्यालाही लागतं. सोयऱ्याशीं भांडण तें." आणि वर, "पण एका खोलीवाल्याला हिणवूं नका हां. अमी आठही जण त्यांतूनच वर आलों."

त्यांचा सगळ्यांत आवडता जीव मात्र बॅक्टेरियाही नव्हे आणि बुरशीही नव्हे. मायटोकॉन्ड्रिया. मोठ्या पेशीच्या आत शक्ती तयार करणारं ते बारकंसं अंग. फार फार पूर्वी तोही एक सुटा बॅक्टेरियाच होता म्हणतात. कुठल्याशा मोठ्या पेशीच्या पोटात शिरला आणि तिथंच राहिला. आता बाहेर काढला तर जगत नाही, पण आपला वंशाचा दोरा त्यानं अजून वेगळा जपून ठेवलाय. बाई हे सांगताना खुलायच्या. "अमीच तो! राजांबरोबर आलों, तमिळ पोटांत शिरलों, परत जाणं नाहीं. घर तापवायचं काम करतों. पण घरांत बोलायचं तें आपलं बोलतों. अणि तुम्ही, डॉक्टरम्मा, कालच आलां अहां. अजून पचतां कीं राहतां, तें बघायचं."

मी राहिले. त्यात त्यांचा हात मोठा होता. घर त्यांनी शोधून दिलं, कामाला बाई त्यांनी मिळवून दिली. माझी मुलगी तापानं फणफणली तेव्हा तीन दिवस स्टीलच्या टिफिनात रसम भात घेऊन यायच्या. लग्न केलेलं नव्हतं, भाऊ-भावजयीकडं वरच्या मजल्यावर राहायच्या. मला तमिळ शिकवलं तेही त्यांनीच, आणि ते मी आजही त्यांच्या सुरात बोलते.

दर सहा महिन्यांनी शिकाऊ मुली यायच्या. पहिल्या दिवशी बाई घरून इडलीच्या पिठाचा डबा आणायच्या. चांगलं फुगलेलं पीठ, झाकण काढलं की लॅबभर आंबूस वास. त्यातला थेंब स्लाइडवर, वर निळा रंग, आणि मुलींना म्हणायच्या, "आंत दोन पाहुणे अहेत. एक सोयरा, एक परका. ओळखा." मुली बघायच्या. टिंबांसारखे बारके बारके बॅक्टेरिया, आणि त्यांच्या मधे हत्तीसारखी यीस्ट (तीही बुरशीच), एखादीच्या अंगाला बाळ फुटलेलं. "देवघर दिसत नाहीं ह्यांत, अक्का," एखादी चौकस म्हणायचीच. "नाहींच दिसायचं एवढ्यांत. शेजाऱ्याचं तरी तुज रस्त्यावरून दिसतं का? अहे मणून समजायचं, अणि खात्रीला दुसरी खूण शोधायची." मग त्याच मुलीच्या गालाच्या आतून काडी फिरवून तिचीच पेशी तिला दाखवायच्या, मधे ठळक निळा ठिपका. "हें बघ, हें तुझं." मुली डोळे मोठे करून आपलं देवघर बघत बसायच्या. उरलेल्या पिठाच्या इडल्या दुसऱ्या दिवशी डब्यात यायच्या, त्या मीच सगळ्यांत जास्त खायची.

आता कापसाचं सांगते.

नोकरीला लागून दुसराच महिना होता आणि बाई रजेवर होत्या. एक स्लाइड आली. त्यात मला लांब तंतू दिसला. बुरशी तंतूंचीच असते, मी 'बुरशी' लिहून मोकळी. पेशंटला तीन दिवस बुरशीचं झोंबणारं औषध घातलं. बरं तर वाटेना, उलट डोळा लालभडक. बाई आल्या, नव्यानं घेतलेल्या स्लाइडवर तसाच तंतू बघितला आणि कापसाचा बोळा माझ्यासमोर ठेवला. तो तंतू कापसाचा होता! पुढच्या मीटिंगला एक वरिष्ठ डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडमनी या वेळी कापसावर उपचार केले." खोली हसली. नाक कापलं गेलं माझं. रडू आवरत लॅबमध्ये आले, तर बाईंनी टेबलावर एक वही ठेवली होती. 'सोंगाड्यांची वही' म्हणायच्या त्या तिला. बुरशीचं सोंग घेऊन फसवणारं जे जे काही त्यांनी आयुष्यात पाहिलं, ते पेन्सिलीनं काढून ठेवलेलं. कापसाचा तंतू, काचेवरचा ओरखडा, फुलातले परागकण, औषधाचे स्फटिक. आणि प्रत्येकासमोर खरी बुरशी कशी दिसते तेही. कापसाखाली लिहिलं होतं, 'कापसाला भिंती नसतात.' म्हणजे बुरशीच्या तंतूत आडव्या भिंती असतात, खोल्या पडलेल्या असतात, कापूस सलग.

ती वही मी पाठ केली. पण डोक्यात राहिला तो कापूस. पुन्हा कुणी हसायला नको, एवढं एकच मनात. त्यानंतर मी एकही 'बुरशी' घाईनं लिहिली नाही. त्याला मी काटेकोरपणा म्हणत होते. भीती होती ती.

दोन वर्षांनी सेल्वीची स्लाइड आली. सेल्वी मैलापूरच्या तळ्याकाठी फुलांच्या माळा गुंफून विकायची. केर काढताना नारळाच्या हिराच्या झाडूचा हीर उजव्या डोळ्यात गेला होता. बाईंनी चपला काढल्या, 'दाखव बा' म्हणाल्या, आणि बराच वेळ डोळा वर केला नाही. मग हाक मारली. "डॉक्टरम्मा, सोयरं अहे."

मी वाकून बघितलं. स्लाइडच्या एका कडेला दोनच तंतू, अंधूक. पुन्हा तेच! "कापूस आहे," म्हणाले.

"भिंती अहेत. भिंग बारीक फिरवून बघा, उजेड कमी करा. खोल्या दिसतील."

"मला दिसत नाहीत."

"पुन्हा बघा, अम्मा. हीर लागलेला डोळा अहे. झाडाचं लागलं कीं बहुतकरून बुरशीच."

दोन शिकाऊ मुली बाजूला उभ्या होत्या, आणि एक टेक्निशियन मला माझं काम शिकवतेय, असं काहीतरी माझ्या डोक्यात शिरलं. माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणाले, "बाई, चष्म्याचा नंबर तपासून घ्या आधी. वय झालं की भिंतीच भिंती दिसतात." एक मुलगी हसली. त्याच नमुन्याच्या दुसऱ्या स्लाइडवर थोडे गोल बॅक्टेरिया होते, ते पापणीच्या कातडीवर कुणाच्याही सापडतात. मी तेच लिहिलं आणि सही ठोकली. रजिस्टरात बाईंचं मत लिहायची जागा होती. "तिथं काही लिहू नका, उगीच घोळ होतो," हेही मीच सांगितलं. बाई "सरि", म्हणजे बरं, म्हणाल्या, चपला घातल्या आणि हात धुवायला गेल्या.

वरच्या डॉक्टरांनी माझ्या सहीवर विश्वास ठेवला. बॅक्टेरियाचे थेंब सुरू केले, आणि दुसऱ्या दिवशी सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडचे. बुरशीला स्टेरॉइड म्हणजे मेजवानी. पाचव्या दिवशी, नमुन्याचा कण वाढवायला ठेवला होता त्या आमच्या बशीत ती उगवून आली, पांढरी, मऊ, अगदी कापसासारखी. मी धावत वर गेले, औषध बदललं, शस्त्रक्रिया झाली. बुबूळ जागेवर राहिलं, नजर गेली.

हॉस्पिटलनं चौकशी लावली. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत मी, बाई आणि दोघे-तिघे. ती स्लाइड ओली असते, तासाभरात वाळते, ठेवता येत नाही. म्हणजे दाखवायला काही नाही. रजिस्टरातली बाईंची जागा रिकामी. त्या मुलींना विचारता आलं असतं, पण त्यांच्या सर्टिफिकेटावर माझी सही लागणार होती, त्या काय बोलतात! मोठे डॉक्टर म्हणाले, "पहिल्या दिवशी कुणालाच काही दिसलं नाही?"

उत्तर माझ्या तोंडात होतं. बाईंना दिसलं होतं, मी ऐकलं नाही. एवढंच वाक्य. बाईंनी माझ्याकडं बघितलं. मांडीवर त्यांची कापडी पिशवी होती, तिच्यावर दोन्ही हात ठेवून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी पेनचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. नवी बढती, मुलीची शाळा, ती हसलेली खोली, सगळं डोळ्यांसमोरून गेलं आणि माझी दातखीळ बसली.

मग बाई तमिळमध्ये म्हणाल्या, "तेरियलै सार. वयसायिडुच्चु." दिसलं नाही साहेब, वय झालं. माझेच शब्द त्यांनी उचलले होते.

त्यांना मायक्रोस्कोपवरून काढून खाली, नमुन्यांच्या बाटल्यांवर नावं चिकटवायच्या खिडकीत बसवलं. तीस वर्षं भिंग पुसलेल्या पदरानं त्या आता गोंद पुसायच्या. मी जिन्यानं जाताना दिसले की "जेवलां का, डॉक्टरम्मा?" विचारायच्या. मी लिफ्टनं जायला लागले. चार महिन्यांत त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाच्या चहाला त्यांच्यावर दोन शब्द मी बोलले. टाळ्याही घेतल्या. लाज वाटते सांगायला, पण घेतल्या.

त्यानंतर दीड वर्ष गेलं. झोप धड नाही. कापसाचा बोळा हातात आला की लगेच खाली ठेवायची. शेवटी एका रविवारी सकाळी उठले आणि मैलापूरला त्यांच्या घरी गेले. बाई वाळल्या होत्या. मला बघून भावजयीला "कॉफी ठेव" म्हणाल्या. मी कॉफी येईपर्यंतही थांबले नाही. भडाभडा बोलून टाकलं सगळं, रडले, त्यांचे पाय धरायला गेले तर त्यांनी पाय मागं घेतले.

उठल्या आणि कपाटातून ती वही आणली. शेवटचं लिहिलेलं पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. सेल्वीची स्लाइड. दोन तंतू, आतल्या आडव्या भिंती एकेक करून काढलेल्या, बाजूला नंबर, तारीख. खाली लिहिलं होतं, 'बुरशी. डॉक्टरम्मा कापूस मणाल्या.'

"ही वही चौकशीच्या दिवशी..."

"पिशवींत होती. मांडीवर."

"मग काढली का नाही, बाई? का नाही काढलीत?"

बाईंनी माझ्या मांडीवरची वही उचलून मिटली. "तुम्ही बोलाल मणून वाट बघत होतें."

कॉफी आली. दोघींचीही निवत राहिली.

"माफी मज मागूं नका," बाई म्हणाल्या. "मज काय, खिडकींत बसलें, मग घरीं बसलें. सेल्वीला अजून वाटतं, तिचंच चुकलं. उशिरा आली मणून डोळा गेला, असं ती सगळ्यांना सांगते. रोज ऐकतें मीं. तिला सांगा. चला, मीं येतें."

त्यांनी चपला घातल्या, जिना कठड्याला धरून उतरल्या. तळ्याच्या कोपऱ्यावर आलो तशा थांबल्या. म्हणाल्या, "आतां तुम्ही जा. मीं असलें तर ती माझ्याकडे बघेल."

पंधरा-वीस पावलं होती. सेल्वी टोपलीमागं बसलेली. समोर मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, ढीग, शेजारी क्यूआर कोडची पाटी. चांगला डोळा गिऱ्हाइकाकडं यावा म्हणून मान जरा वळवलेली. बोटं मात्र खाली न बघता चालली होती. मी समोर उभी राहिले. तिनं मान आणखी वळवली, ओळखलं आणि तोंडभर हसली. "वांगो डॉक्टरम्मा!" या, या. ज्यांनी तिचा डोळा वाचवायला एवढी धावपळ केली त्यांतली मी एक, असंच तिला वाटत होतं. "किती वेण्या देऊ?"

वाक्य मी पाठ केलं होतं. बाईंनी शिकवलेल्या तमिळमध्ये, वाटेत पावलागणिक घोकलेलं. तोंड उघडलं.

"दोन हात," मी म्हणाले.

तिनं माळ कोपरापासून बोटांपर्यंत दोनदा मोजली, वर वीतभर जास्त दिली, केळीच्या पानात बांधली. मी पुडा घेतला आणि मागं वळले.

बाई कोपऱ्यावरच उभ्या होत्या, खांबाला हात टेकून. माझ्या हातातला पुडा त्यांना दिसला. मी जवळ गेले, पण वर बघायची हिंमत होईना. रागावतील, निदान एक शब्द तरी बोलतील असं वाटत होतं. त्यांनी पुडा माझ्या हातातून घेतला, पान थोडं उघडलं आणि पेन्सिल धरायचं ते बोट माळेवरून सावकाश फिरवलं, एकेका गाठीवर.

"बघा," म्हणाल्या, "एका डोळ्यानं करते, पण गाठ एक चुकत नाहीं. देवघरांत घालतें ही."

आणि पुडा पदराखाली धरून घराकडं वळल्या. गर्दीत त्यांचा अंबाडा दिसत होता तोवर मी बघत होते. त्यात पेन्सिल नव्हती.